दिवेलागणीच्या आत

जून लागला की आयर्लंडातल्या या एनिस गावात रात्र पडायची थांबते. जेवणं होतात, भांडी होतात, ओटा पुसून होतो, आणि खिडकीबाहेर उजेड तसाच उभा असतो. निघतो निघतो म्हणत न निघणाऱ्या पाहुण्यासारखा. शेजारची नुआला कुंपणावरून दरवर्षी तेच म्हणते, "ग्रँड स्ट्रेच इन द इव्हनिंग्ज." संध्याकाळ छान लांबलीय, असा त्याचा अर्थ, माझ्या मुलाने, संदीपने, मला पहिल्या वर्षीच सांगितला होता. वर्षाचे कितीतरी महिने ढगाखाली काढणारे लोक, त्यांना कौतुक असणारच. पोरं रस्त्यावर सायकली फिरवतात, कुणी गवत कापतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून उन्हाकडे तोंड करून उभं राहतं.

मला या उजेडाचा राग येतो. यंदाही आला. परवा खिडकीशी मेथी निवडत बसले होते, कापलेल्या गवताचा ओला वास आत आला, आणि हातातली काडी तशीच राहिली. वासाला वर्षं कळत नाहीत. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात हाच वास होता, हीच खिडकी होती, आणि एक पांढरी गाडी दारात थांबायची. गाडीतून माझी नात उतरायची. मी हात हलवायचे, गाडीवाल्याला.

मी चौथी शिकले. लोणंदला कांद्याच्या वखारीत निवडायला जायचे, तीन पोरं वाढवली, नवरा लवकर गेला. मला गोड बोलता येत नाही आणि रडत बसायला कधी वेळ मिळाला नाही. पोरी सांभाळायचं माझं सगळं शिक्षण एका वाक्याचं होतं: दिवेलागणीच्या आत घरी. माझ्या आईने ते मला सांगितलं, मी माझ्या लेकीला सांगितलं. भीती कुठे राहते ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. ती अंधारात राहते, ओढ्याच्या वाटेला राहते, गुत्त्याच्या वळणावर राहते, अनोळखी माणसाच्या जीपमध्ये राहते. देवापुढे दिवा लागला आणि पोरं घरात दिसली की आमची राखण संपली. मग कडी लावायची आणि भाकरी थापायच्या.

इथे दिवेलागणच नाही. मी सवयीने रेवाला म्हणायचे, "दिवेलागणीच्या आत ये गं." रेवा तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी, तेही इथल्या पोरांसारखं, शब्द गिळत. ती हसायची. "आजी, देन आय कॅन स्टे आउट टिल इलेव्हन!"

मग अकरापर्यंत बाहेर राहू शकते. मीही हसले होते.

त्या उन्हाळ्याचं काहीकाही अगदी लख्ख आठवतं आणि त्यात काही अर्थ नसतो. वाटेवरच्या कुंपणांना लाल झुंबरांसारखी फुलं लटकलेली. रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, म्हणून इथल्या बायका उन्हाची तक्रार करतात, तर मी स्वेटर घालून बसलेली. गावच्या हॉलमधून येणारा बॅडमिंटनच्या शटलचा आवाज, टप टप, ओल्या भिंतीवर कुणी गोवऱ्या थापाव्यात तसा. हॉलच्या फरशीला मारलेल्या पॉलिशचा वास. आणि माझी थालीपीठं.

थालीपीठं नितीनसरांसाठी असत. सर पुण्याचे. मुलगा ज्या कारखान्यात कामाला आहे, हृदयात बसवायच्या नळ्या करतात तिथे, त्याच्या बाजूच्याच दुसऱ्या कारखान्यात तेही इंजिनियर. तरुणपणी बॅडमिंटन खेळलेले. आठवड्यातून तीन संध्याकाळी आपल्या मराठी मुलांना हॉलमध्ये फुकट शिकवायचे. फुकट म्हटल्यावर आपल्या लोकांना केवढं ओझं होतं. कुणी पुरणपोळ्या पोचवी, कुणी भारतातून येताना त्यांच्यासाठी सदरा आणी. ते आमच्याकडे आले की बूट बाहेर काढायचे, वाकून मला नमस्कार करायचे आणि थेट स्वयंपाकघरात येऊन म्हणायचे, "आई, तव्यावरचं डायरेक्ट द्या हो, ताट नको."

मला तो माणूस आवडायचा. लपवून काय करायचंय? ज्याला माझं थालीपीठ आवडतं तो माणूस मला आवडतो, माझी अक्कल तेवढीच.

"तुमची नात आयर्लंडकडून खेळेल बघा," ते म्हणायचे. "मनगट आहे तिच्याकडे. फक्त पाय जरा जड पडतात. तिला मी वेगळा वेळ देतो, बाकीची गेल्यावर. घरी मीच सोडीन."

संदीपने हात जोडले. मधुराने, माझ्या सुनेने, डबा भरला. मी तेल तापवलं, कारण पाय जड पडतात तर तेल लावलं पाहिजे. दर रविवारी मी रेवाच्या पोटऱ्या चोळायचे. ती पाय माझ्या मांडीवर टाकून फोन बघत पडायची, गुदगुल्या झाल्या की लाथ मारायची.

त्या जुलैत तिने पाय देणं बंद केलं. मी वाटी घेऊन बसले, तिने पाय पोटाशी घेतले आणि म्हणाली, "नो, थँक्स, आजी." मला वाटलं, मोठी झाली. पोरी मोठ्या होतात तेव्हा अंगाला हात लावू देत नाहीत. मी तेल वाटीतून परत बाटलीत ओतलं.

पोटात दुखायला लागलं तिच्या. खेळाच्या दिवशीच दुखायचं. शेजारची पोरं अर्ध्या चड्डीत हिंडत असताना ही लांब विजार घालून बसायची. मधुरा विचारायची, "काय होतंय, बाळा?" उत्तर एकच. "आय'म ग्रँड." इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, गुडघा फुटलेलं पोरही ग्रँड. त्या शब्दाखाली काहीही झाकलं जातं. आपल्याकडे "बरंय" म्हणतात, तसंच.

हॉलच्या किल्ल्या नुआलाकडे असतात. उंच, हाडाची, पांढऱ्या केसांची बाई, माझ्याच वयाची. मुलांच्या सुरक्षेचं बघायचं काम हॉलवाल्यांनी तिच्यावर सोपवलंय. सर शिकवायला लागले तेव्हाच ती आमच्या दारात येऊन दोन नियम सांगून गेली होती. मुलांना शिकवणाऱ्या माणसाची गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, तपासणी झाली पाहिजे. आणि हॉलमध्ये सतत दुसरं एक मोठं माणूस पाहिजे. एकटं मूल आणि एकटा मोठा, असं कधीच नाही. गाडीत नाही, सामानाच्या खोलीत नाही.

मंडळाला ते झोंबलं. मंडळ म्हणजे इथली मराठी कुटुंबं, गणपती-दिवाळीला जमतात ती. पाटणकरसाहेब त्यांचे अध्यक्ष. आमच्याच सोफ्यावर बसून म्हणाले, "बघा काकू, हे असं आहे. जो माणूस फुकट विद्या देतो त्याला पोलिसांकडे पाठवा. आपल्यात गुरूला आपण..." आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

सर मात्र हसले. "अहो, करू की तपासणी. कर नाही त्याला डर कशाला?" तपासणी झाली, काही निघालं नाही. निघणार कसं? आधी कुणी त्याला पकडलंच नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, पोलिसांनीच खात्री दिली, आता दुसरा नियम कशाला? आधी पाळीपाळीने आईबाप बसायचे. मग संध्याकाळी लांबल्या, ऊन छान पडलं, कुणी नदीकाठी फिरायला गेलं, कुणी सामान आणायला. "सर आहेत ना." नुआला मधूनच दार उघडून बघायची आणि विचारायची, "हू एल्स इज हिअर?" दुसरं कोण आहे? मुलं सांगायची, आई आत्ताच गाडीकडे गेली.

नुआलाला आपल्या लोकांनी नाव ठेवलं होतं. हवालदारीण.

गुरुपौर्णिमा त्या वर्षी मंडळाने हॉलमध्येच केली. आपल्या मुलांना संस्कार कळावेत म्हणून. प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल घातलेली, पुढे रांगोळी, नारळ, हार. बायका साड्या नेसून आलेल्या, वर थंडीचे कोट. सर खुर्चीवर बसले, पाय समोरच्या पाटावर. मुलांनी रांगेत येऊन वाकायचं, डोकं टेकवायचं, पेढा घ्यायचा. पाटणकरसाहेब फोनवर चित्रण करत होते.

रेवाची पाळी आली. ती उभी राहिली.

"वाक ना," मधुरा मागून म्हणाली.

रेवा उभीच. संदीप हसत पुढे झाला, चारचौघांत बाप हसतात तसा, आणि त्याने तिच्या मानेवर हात ठेवून हलकेच खाली दाबलं. तेव्हा ती बोलली. मोठ्याने नाही, पण हॉल घुमणारा, सगळ्यांना ऐकू गेलं.

"नो. आय वोंट."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर म्हणाले, "राहू द्या हो संदीप, आयरिश झालीय ती!" आणि पुढे वाकून त्यांनी तिची हनुवटी धरली, लाडाने. मी समोरच बसले होते. मी आयुष्यभर शेळ्या बघितल्या, कोंबड्या बघितल्या. बोकड नेणाऱ्या माणसाने कान धरला की शेळीचं अंग कसं लाकूड होतं ते मला माहीत आहे. माझी नात तशी लाकूड झाली. डोळे कुठेच बघेनात.

दारात नुआला किल्ल्या घेऊन उभी होती. तीही बघत होती. पोरीकडे नाही, सरांच्या हाताकडे.

मी उठले. "चल गं," मी म्हणाले, "मला लघवीला जायचंय. इथली कडी मला उघडत नाही." बायकांनी तोंडं फिरवली, सणावारी म्हातारीने असं बोलावं म्हणून. बरं झालं. लाजेने कुणी मागे येत नाही.

आत मी नळ सोडला, हाताला साबण लावला आणि आरशात न बघता विचारलं, "पाया का नाही पडलीस?"

"यू'ल बी क्रॉस."

"मी रोजच रागावते. सांग."

मी नळ तसाच वाहू दिला. मग ती मराठीत बोलली, अडखळत, जी पोरगी कधी मराठी बोलत नाही ती. "सर माझे पाय चोळतात. सामानाच्या खोलीत. ही सेज, इट्स फॉर द मसल्स. मी नो म्हटलं, आजी. ही सेज, चॅम्पियन्स डोंट से नो."

चॅम्पियन नाही म्हणत नसतात.

त्यापुढचं जे तिने सांगितलं ते तिचं आहे. मी ते इथे लिहीत नाही, कुठेच लिहिणार नाही. माझ्या हातावरचा साबण तसाच वाळला एवढं आठवतं. आणि वर छोट्या खिडकीतून पिवळंधमक ऊन येत होतं. एवढ्या उजेडात! मला ते पटेना. तिच्या सांगण्यावर मी क्षणभरही शंका घेतली नाही, पण उजेडाचं पटेना. अशा गोष्टी अंधाराच्या असतात, असं माझ्या हाडात भरलेलं. इथे सगळं संध्याकाळच्या उन्हात घडलं होतं, हॉल बाहेरून चमकत असताना, आईबाप नदीकाठी बदकांना पाव घालत असताना. आणि घडवणारा गुत्त्यावरचा नव्हता, जीपमधला नव्हता. माझ्या तव्यावरचं खाल्लेला होता.

सामानाच्या खोलीच्या दाराला काच आहे, मुद्दाम ठेवलेली, बाहेरून दिसावं म्हणून. नुआलाने मला नंतर दाखवलं. त्या काचेवर आतून आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा फलक टांगलेला होता. गणपती, मोदक, सर्वांचे हार्दिक स्वागत. नुआलाला वाटलं होतं, देवाचं चित्र आहे, काढायला सांगितलं तर यांना वाईट वाटेल.

घरी आल्यावर मी संदीप आणि मधुराला सांगितलं. फिरवून सांगता येत नाही मला, सरळ सांगितलं. मधुरा खाली बसली, जिथे होती तिथेच, फरशीवर. संदीपचं तोंड राखेसारखं झालं. त्याने खोटं म्हटलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. त्याने फोन उचलला. मला वाटलं, हा पोलिसांना लावतोय.

त्याने पाटणकरसाहेबांना लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक बसली. पाटणकरसाहेब, त्यांची बायको, आणि मंडळाचे आणखी एक गृहस्थ. मधुराने चहा केला. पोरीचं हे झालंय आणि माझी सून दुधाला उकळी आली का बघतेय. आपण घरी आलेल्याला चहा दिल्याशिवाय ऐकू शकत नाही, मग तो काय वाट्टेल ते सांगायला आलेला असो.

गोष्टी हळू आवाजात झाल्या. सरांचा इथे राहायचा परवाना जाईल. त्यांची बायको पोटुशी आहे. इथले लोक आधीच आपल्याकडे कसं बघतात. पाटणकरबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काकू, शेवटी मुलीची जात. उद्या तिचंच नाव होईल. हे या घराबाहेर जाणार नाही, मी शब्द देते."

"सर शिकवणं सोडतील," साहेब म्हणाले. "मी बोललोय त्यांच्याशी. ते फार खचलेत. त्यांना माफी मागायचीय. आपल्यात कुमारिका म्हणजे देवी. ते इथे येतील आणि आपल्या सर्वांसमोर रेवाचे पाय धरून माफी मागतील. यापेक्षा एखादा माणूस आणखी काय करू शकतो?"

संदीपने मान डोलावली. देवाशपथ डोलावली. मधुरा कपाकडे बघत होती. त्या गृहस्थांनी तर, "मोठं मन लागतं हो त्याला," असंही म्हटलं.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग जिन्यावरून आवाज आला. रेवा वरच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिने दोन्ही पाय सैल स्वेटरखाली ओढून घेतले होते आणि वरून हातांनी दाबून धरले होते. "आजी," ती म्हणाली, "डोंट लेट हिम."

"पाटणकर," मी म्हणाले. साहेब म्हणायचं राहून गेलं. "त्या माणसाला माझ्या नातीच्या पायांना आणखी एकदा हात लावायचाय. आणि ह्या खेपेला तुम्ही बसून बघणार. चहा पीत."

"काकू, तुम्ही भलताच अर्थ..."

"मला कसला अर्थ काढता येतोय? चौथी शिकलेली बाई मी. पाय कुठे आहेत तेवढं दिसतं मला."

तुम्हाला सांगते, त्या माणसांच्या तोंडावर पाप नव्हतं. तेच तर भयंकर होतं. शिकलेली, देवभोळी, दुसऱ्याच्या दुखण्याला धावणारी माणसं. त्यांनी खरंच आपल्याकडची सगळ्यात मोठी माफी शोधून आणली होती. तिच्यात पोरगी कुठे बसते ते बघायचं तेवढं राहून गेलं होतं. मला तेव्हा जी भीती वाटली ती सरांची नव्हती. सर एक माणूस. हे तर आम्ही सगळे होतो.

मी जिन्यापाशी गेले आणि म्हणाले, "येतेस?" तिने माझा हात धरला. आम्ही स्लिपरांवर बाहेर पडलो आणि नुआलाच्या फाटकातून आत गेलो. ती वाटाण्याच्या वेलींना पाणी घालत होती. आमच्याकडे बघून तिने झारी खाली ठेवली. मागून पायांचा आवाज आला म्हणून मी वळले, तर मधुरा येत होती, अनवाणी.

नुआलाने पोरीला उलटसुलट काही विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारेल, कुठे, कसं, किती वेळा. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, रेवापासून हात लांब, आणि रेवाला जेवढं सांगायचं होतं तेवढं ऐकलं. मग ती जे बोलली ते मधुराने मला नंतर सांगितलं. तू काही चुकीचं केलेलं नाहीस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. आणि मी हे गुपित ठेवणार नाही, ठेवू शकत नाही, ज्यांचं हे काम आहे त्यांना मला सांगावंच लागेल, आत्ताच.

आमच्या सोफ्यावर गुपिताचा शब्द न मागता मिळाला होता. ही बाई तोंडावर नाही म्हणाली. आणि मी बघितलं, पोरीचे खांदे खाली आले. कितीतरी आठवड्यांनी.

संदीप दारात आला तेव्हा नुआला फोनवर होती. तो म्हणाला, "निदान आम्हाला विचारायचं तरी." तिने फोनवर हात ठेवला. "इट्स नॉट युवर कॉल, लव्ह," ती म्हणाली. हे तू ठरवायचं नाहीस, बाळा. ते काही ती कठोरपणे बोलली नव्हती. काल हॉलमध्ये त्या हाताकडे बघितल्यापासून तिने स्वतःच सकाळी एक फोन करून ठेवला होता, हेही तेव्हाच कळलं.

बऱ्याच दिवसांनी, आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या असताना तिने मला काहीतरी सांगितलं. सावकाश, मला कळावं म्हणून लहान लहान शब्दांत. इथेही खुर्चीतल्या माणसाला कुणी काही विचारत नसे. शिकवणारा असो, देवाचं करणारा असो. इथल्या आयाही त्यांच्यासाठी केक भाजत. "वी लर्न्ट इट लेट," ती म्हणाली. फार उशिरा शिकलो. तिने स्वतःच्या घरातलं कुणी होतं का ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिच्याकडून तेवढं मी शिकले होते.

मला मात्र तेव्हापासून यमुना आठवते. आमच्या गावची, शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे होती. पळायला अशी, की पोरं मागे पडायची. गुरुजी तिला तालुक्याच्या शर्यतींना न्यायचे, सायकलवर पुढे बसवून. गावाला केवढा अभिमान. एक दिवस यमुना शाळेत यायची बंद झाली. आम्हाला सांगितलं, मोठी झाली. मीही नंतर वर्षभरात घरी बसले आणि विसरून गेले. आता तिला विचारावं म्हटलं तर ती जाऊन किती काळ झाला. कदाचित काहीच नसेल. पण आमच्या गावात पोरी अशा मोठ्या व्हायच्या, एका दिवसात, आणि कुणी विचारायचं नाही.

पुढचं सगळं हळू चाललं, अजून चाललंय. सरकारी बायका आल्या, रेवाशी एकटीशी बोलल्या, मला आत बसू दिलं नाही, मी भांडले नाही. तो माणूस आता मुलांच्या आसपास नाही, एवढं मला पुरतं. मंडळातली काही घरं आमच्याशी बोलायची बंद झाली. दिवाळीचा फराळ आला नाही. पोरीने पराचा कावळा केला, असं म्हणणारे अजून आहेत, चांगले पदवीधर. एक बाई मात्र महिन्याभराने आली. तिची लेकही तिथे खेळायची. आमच्या पुढच्या भिंतीवर बसून तिने हवापाण्याचं बोलून घेतलं, मग खाली बघत म्हणाली, "आजी, त्या हवालदारीणबाई घरी असतात का हो?" मी तिला हाताला धरून फाटकापर्यंत नेलं.

संदीप त्या फोनबद्दल माझ्याशी बोललेला नाही. मीही काढत नाही.

रेवाने बॅडमिंटनची रॅकेट कपाटावर टाकली ती खाली काढली नाही. एक पुरा उन्हाळा ती काहीच खेळली नाही. यंदा एप्रिलात आपणहून म्हणाली, कॅमोगी खेळायचंय. लाकडी काठ्यांनी चेंडू मारायचा इथल्या पोरींचा खेळ आहे. मला वाटलं, नको. पुन्हा मैदान, पुन्हा शिकवणारं कुणीतरी, पुन्हा ह्या लांबलचक संध्याकाळी. पण काठी हातात असलेला खेळ आहे, म्हटलं, बरा.

मी घडीची खुर्ची घेऊन रोज मैदानाच्या कडेला बसते. डोक्याला मफलर, मांडीवर शाल. खेळ मला कळत नाही. मी खेळ बघायला जातच नाही. मोठी माणसं मोजते. संदीप पलीकडच्या बाजूला उभा असतो, कामावरून थेट आलेला, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच. नदीकाठी जात नाही.

परवाचीच गोष्ट. मेथी अर्धी टाकून मी मैदानावर गेले. शिकवणारी पोरगी आहे, लाल केसांची, विशीतली. रेवाला काठी नीट धरता येत नव्हती. ती पोरगी जवळ आली आणि दोन पावलं लांब थांबली. मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

"ओके इफ आय मूव्ह युवर हँड?" तुझा हात धरून दाखवू का?

माझ्या हातातली शाल मुठीत गेली. रेवाने काठीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"नो," ती म्हणाली.

मी उठायच्या बेतात होते. पलीकडे संदीपही एक पाऊल पुढे आला होता. आता ती पोरगी हसेल, किंवा चिडेल, किंवा कुणीतरी म्हणेल मोठ्यांना असं बोलतात का, किंवा मानेवर कुणाचा तरी हात येईल.

"ग्रँड," ती पोरगी म्हणाली. स्वतःची काठी उचलून तिने स्वतःच्याच हातांनी दाखवलं, असं, अंगठा खाली. रेवाने बघून तसंच धरलं. मग दोघी चेंडूमागे पळाल्या.

मी परत खुर्चीत बसले. माझ्या नातीने मोठ्या माणसाला नाही म्हटलं होतं, भर उजेडात, सगळ्यांसमोर, आणि काहीच झालं नव्हतं. सत्तरी उलटली माझी. असं होऊ शकतं हे मी पहिल्यांदा बघितलं.